ध्रुवीय प्रकाश शिकागोत कसा दिसला?



१० मे २०२४ हा दिवस आपल्याकडे अक्षय तृतीयेचा होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ मेच्या सकाळी साडेआठच्या सुमारास, माझ्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला. तो शिकागोला राहतो. तिथे तेव्हा १० मेच्या रात्रीचे दहा वाजले होते, आणि तो घरच्या मंडळींना घेऊन शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर मिशिगन सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर उभा होता. "मामा, ध्रुवीय प्रकाश दिसतोय!" एवढे सांगून त्याने काही फोटो पाठवले. फोटोत सरोवराच्या पाण्यावर हिरवा पट्टा, त्याच्यावर तांबड्या-जांभळ्या रंगाचे खांब, असा थाट होता. पण पाठोपाठ त्याने एक तक्रारही केली. "फोनमध्ये एवढे रंग दिसतात, पण नुसत्या डोळ्यांनी मला राखी ढगासारखा उजेड आणि त्याला जरा गुलाबी झाक, एवढेच दिसते. मग खरे कोणते? फोन खोटे बोलतो की माझे डोळे?"

प्रश्न फार चांगला आहे. याचे उत्तर शोधताना आणखी दोन प्रश्न वाटेत येतात. ध्रुवाजवळ दिसणारा हा प्रकाश शिकागोपर्यंत आला कसा? आणि तो नेहमी का दिसत नाही? आपण या दोन प्रश्नांपासूनच सुरुवात करू.

नकाशाची वही काढा आणि शिकागो शोधा. त्याचे अक्षांश सुमारे ४२ अंश उत्तर आहेत. आता त्याच अक्षांशावर पूर्वेकडे सरकत गेलात, तर अटलांटिक महासागर ओलांडल्यावर तुम्हाला इटलीतील रोम शहर सापडेल. दोन्ही शहरे विषुववृत्तापासून सारख्याच अंतरावर आहेत. तरीसुद्धा शिकागोच्या आसपास ध्रुवीय प्रकाश रोमच्या मानाने कितीतरी अधिक वेळा दिसतो. असे का?

याचे कारण असे, की ध्रुवीय प्रकाशाला भूगोलातला ध्रुव ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतो तो पृथ्वीच्या चुंबकाचा ध्रुव. पृथ्वी हे एक प्रचंड चुंबक आहे आणि त्या चुंबकाचा अक्ष पृथ्वीच्या परिवलनाच्या अक्षाशी सुमारे ९ ते १० अंशांचा कोन करतो. हा चुंबकीय अक्ष उत्तरेला जिथे बाहेर पडतो ती जागा कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्झमीर बेटावर आहे. म्हणजे उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेली. त्या बिंदूला ध्रुव मानून नवे अक्षांश मोजले, तर त्यांना चुंबकीय अक्षांश म्हणतात. हे गणित केले असता शिकागोचे चुंबकीय अक्षांश सुमारे ५१ अंश निघतात आणि रोमचे जेमतेम ४२. आपली मुंबई भूगोलाच्या पुस्तकात १९ अंशांवर आहे. चुंबकाच्या हिशेबाने ती ११ अंशांवरच येते. ध्रुवीय प्रकाशाच्या बाबतीत मुंबईकर दुहेरी कमनशिबी आहेत म्हणायचे!

हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाच्या डोक्यावर नसतो, हेही लक्षात ठेवा. तो ध्रुवाभोवती एखाद्या कड्यासारखा पसरलेला असतो. शांत दिवसांत हे कडे रात्रीच्या बाजूला ६५ ते ६७ चुंबकीय अक्षांशांच्या आसपास असते. उत्तर नॉर्वे, अलास्का, उत्तर कॅनडा हे प्रदेश नेमके त्याच्याखाली येतात. चुंबकीय वादळ झाले की हे कडे रुंद होते आणि विषुववृत्ताकडे सरकते. वादळाची तीव्रता शास्त्रज्ञ ० ते ९ अशा अंकांनी सांगतात. ढोबळ नियम असा, की हा अंक एकाने वाढला की कड्याची खालची कडा सुमारे दोन अंश दक्षिणेकडे सरकते. अंक ५ असला तर कडा ५६ अंशांच्या जवळपास असते, ९ असला तर ४८ अंशांपर्यंत येते. शिकागो ५१ वर आहे. तेव्हा १० मेच्या रात्री काय झाले असेल, हे तुम्हाला आता सांगता येईल. त्या रात्री अंक ९ वर गेला होता. ऑक्टोबर २००३ नंतर एवढ्या वरच्या श्रेणीचे वादळ प्रथमच झाले होते. कडे शिकागोवासीयांच्या डोक्यापर्यंत आले.

आता हे वादळ उठते कशामुळे ते पाहू. त्या आठवड्यात सूर्यबिंबावर डागांचा एक मोठा समूह दिसत होता. त्याची रुंदी पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट होती. ग्रहणासाठी वापरतात त्या प्रमाणित गाळणीच्या चष्म्यातून तो नुसत्या डोळ्यांनाही दिसला. सौर डाग म्हणजे जिथे सूर्याचे चुंबकीय क्षेत्र अतिशय प्रबळ आणि गुंतागुंतीचे झालेले असते अशा जागा. हा गुंता सुटताना प्रचंड ऊर्जा मोकळी होते आणि कधी कधी विद्युत्भारित कणांचा एक अवाढव्य लोट चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकला जातो. ८ मेपासून या समूहातून असे अनेक लोट एकामागून एक पृथ्वीच्या दिशेने निघाले. मागून निघालेल्या वेगवान लोटांनी पुढच्यांना गाठले आणि सगळे जवळजवळ एकत्रच येऊन थडकले. ही थडक भारतीय वेळेप्रमाणे १० मेच्या रात्री साडेदहानंतर बसली. शिकागोत तेव्हा भर दुपार होती. पण वादळ रात्रीपर्यंत टिकले आणि त्यांच्या रात्री नऊ-दहाच्या सुमारासच त्याने कळस गाठला. माझ्या भाच्याचे नशीब असे जोरावर.

प्रवासाला किती वेळ लागतो याचे गणित सोपे आहे. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. लोटाचा वेग सेकंदाला १००० किलोमीटर धरला, तर १,५०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ४२ तास लागतील. तेव्हा दोन दिवस आधी सूचना मिळायला हरकत नाही, असे तुम्ही म्हणाल. सूचना मिळतेही. पण ती अर्धवट असते, आणि हौशी मंडळींचा विरस बहुधा इथेच होतो. लोटाबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोणती, यावर सर्व काही अवलंबून असते. ती दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे असेल, तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांना जोडली जातात आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा शिरते. ती उत्तरेकडे असेल, तर लोट कितीही मोठा असला तरी बराचसा बाजूने निघून जातो. आणि ही दिशा लोट आपल्या जवळ येईपर्यंत खात्रीने कळत नाही! ती मोजणारी याने पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर ठेवलेली आहेत. लोटाचा वेग सेकंदाला ८०० किलोमीटर असेल, तर तेथून पृथ्वीपर्यंत यायला त्याला जेमतेम अर्धा तास लागतो. आपले आदित्य एल-१ हे यानही ६ जानेवारी २०२४ पासून त्याच परिसरात आहे आणि त्याच्यावर चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे उपकरण आहे.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले असते, की सूर्याकडून आलेले कण चुंबकीय बलरेषांवरून घसरत थेट ध्रुवाशी उतरतात आणि प्रकाश पडतो. हे पूर्ण खरे नव्हे. तसे असते तर हा प्रकाश दिवसाच्या बाजूलाच अधिक दिसला असता. प्रत्यक्षात सौर वाऱ्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला धूमकेतूच्या शेपटीसारखे लांब ओढले जाते. आत शिरलेली ऊर्जा या शेपटीत साठते. ताण फार वाढला की बलरेषा तुटून पुन्हा जुळतात, आणि ताणलेले रबर सोडावे तसे होऊन इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे, म्हणजे रात्रीच्या बाजूला, वेगाने फेकले जातात. वातावरणात शिरून ते ऑक्सिजनच्या अणूंना आणि नायट्रोजनच्या रेणूंना धडकतात. धडकेत मिळालेली ऊर्जा हे अणू-रेणू प्रकाशाच्या रूपाने परत देतात.

आणि आता रंगांकडे येऊ. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. हिरवा आणि तांबडा हे दोन्ही रंग ऑक्सिजनच्या अणूचेच. हिरव्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर, तांबड्याची ६३० नॅनोमीटर. फरक कुठे आहे? हिरवा प्रकाश देण्यासाठी उत्तेजित अणूला सरासरी पाऊण सेकंद लागतो. तांबडा देण्यासाठी मात्र त्याला जवळजवळ दोन मिनिटे थांबावे लागते! शंभर किलोमीटर उंचीवर हवा आपल्या मानाने अत्यंत विरळ असली, तरी दोन मिनिटांत तो अणू शेजाऱ्यांवर असंख्य वेळा आपटतो आणि त्याची ऊर्जा त्या आपटण्यातच संपते. त्यामुळे तांबडा प्रकाश तिथे उमटतच नाही. दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे अणूंना एकमेकांची गाठ क्वचितच पडते, तिथेच तो मुख्यतः दिसतो. म्हणून खाली हिरवा आणि वर तांबडा, अशी मांडणी होते. कण फार जोरदार असले तर ते शंभर किलोमीटरच्याही खाली पोचतात आणि नायट्रोजनमुळे खालच्या काठाला गुलाबी-जांभळी किनार येते.

या उंचीच्या फरकावरून एक सुंदर गणित करता येते. नववी-दहावीच्या मुलांना पायथागोरसचा सिद्धांत माहीत आहेच. वहीत पृथ्वीसाठी वर्तुळ काढा. त्याच्यावर एका बिंदूवर तुम्ही उभे आहात. त्या बिंदूतून स्पर्शिका काढा. ती तुमची क्षितिजाची रेषा. दूरवर h उंचीचा एक दिवा आहे आणि तो त्या स्पर्शिकेवर जेमतेम येतो, असे समजा. केंद्र, तुम्ही आणि दिवा यांचा काटकोन त्रिकोण झाला. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर घेतली, तर तुमच्यापासून दिव्यापर्यंतच्या अंतराचा वर्ग हा ६४०० अधिक h यांच्या वर्गातून ६४०० चा वर्ग वजा करून मिळेल. h च्या जागी १०० ठेवा. उत्तर सुमारे ११३६ किलोमीटर. आता h च्या जागी ४०० ठेवा. उत्तर सुमारे २२९८ किलोमीटर. जमिनीवरून मोजलेले अंतर याहून किंचित कमी, म्हणजे अनुक्रमे ११२० आणि २२०० किलोमीटरच्या आसपास भरते. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा. तेव्हा शंभर किलोमीटरवरचा हिरवा प्रकाश फार तर १० अंश दूरवरून दिसेल. पण चारशे किलोमीटरवरचा तांबडा प्रकाश २० अंश दूरवरून दिसू शकेल.

बघा, किती गोष्टींचा उलगडा झाला! दूर दक्षिणेकडे राहणाऱ्यांना हिरवा भाग क्षितिजाखाली झाकला जातो आणि वरचा तांबडा तेवढा दिसतो. जुन्या काळी युरोपातील लोकांना उत्तरेच्या आकाशात आग लागल्यासारखे का वाटे, ते यावरून कळेल. त्याच १० मेच्या रात्री लडाखमध्ये हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबूस उजेड टिपला. हानलेचे चुंबकीय अक्षांश २४ अंशांच्या आसपास आहेत. उंची ४०० किलोमीटर धरली, तर २४ अधिक २० म्हणजे ४४. त्या रात्री तांबडा प्रकाश निदान ४४ चुंबकीय अक्षांशांपर्यंत खाली उतरलेला होता, हे एका फोटोवरून आपल्याला घरबसल्या काढता आले.

आता भाच्याच्या तक्रारीकडे वळू. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. शिवाय तांबड्या प्रकाशाला या दंडपेशी जवळजवळ आंधळ्याच असतात. ध्रुवीय प्रकाश मंद असला की दंडपेशीच काय ते पाहतात, म्हणून हिरवा राखी दिसतो आणि तांबडा फार तर झाकेपुरता. फोनचे मात्र वेगळे आहे. तो चार-पाच सेकंद उघडा राहून तेवढ्या वेळातला सगळा प्रकाश साठवतो. डोळ्याला तसे साठवता येत नाही. तेव्हा फोटोतला रंग खरा आहे, आकाशात तो होताच. फक्त तेवढा ठळक नव्हता. नॉर्वेसारख्या ठिकाणी प्रकाश जोरदार असला की शंकुपेशीही जाग्या होतात आणि डोळ्यांनाही हिरवा रंग चक्क दिसतो. ना फोन खोटा, ना डोळा. मात्र फोटो पाहून आकाशात तसेच लालभडक दिसेल अशी अपेक्षा धरून जाणारे लोक निराश होऊन परततात, आणि कधी कधी समोर दिसत असलेला प्रकाश ढग समजून सोडूनही देतात, याचे मला वाईट वाटते.

दंडपेशींचा हा प्रयोग तुम्हाला घरीच करता येईल. साधारण सारख्याच उजळ वाटणाऱ्या लाल आणि निळ्या कागदाचे दोन तुकडे घ्या. रात्री खोलीतले दिवे घालवून दाराची फट किंचित उघडी ठेवा आणि वीस मिनिटे शांत बसा. मध्येच फोन पाहू नका, नाहीतर डोळ्यांची सगळी तयारी वाया जाईल. मग कागद पाहा. लाल कागद काळपट दिसेल आणि निळा त्याच्यापेक्षा उजळ, पण रंगहीन.

शिकागोसारख्या शहराजवळ राहणाऱ्याने हा प्रकाश पाहायला जायचे कुठे? भाच्याने निवडलेली जागा विचारपूर्वक निवडलेली होती. शिकागो मिशिगन सरोवराच्या नैऋत्य काठावर आहे. सरोवराच्या दक्षिण टोकाला इंडियाना राज्यात वाळूच्या टेकड्या आहेत. तेथे उभे राहिले की उत्तरेला सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचे पाणीच पाणी. पाण्यावर रस्त्यांचे दिवे नसतात! शहराचा झगमगाट वायव्येला, म्हणजे डाव्या हाताला राहतो. बहुतेक वेळा वादळ १० मेइतके मोठे नसते आणि प्रकाश डोक्यावर न येता उत्तरेला खालीच राहतो. समजा, कड्याची कडा तुमच्यापासून पाच अंश उत्तरेला आहे. तर शंभर किलोमीटरवरचा हिरवा पट्टा क्षितिजाच्या वर फक्त साडेसात अंश दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे एका मुठीहूनही कमी. एखादी इमारत किंवा झाडांची रांग त्याला सहज झाकील. चंद्राचाही विचार करावा लागतो. अक्षय तृतीयेची चंद्रकोर बारीक आणि लवकर मावळणारी, त्यामुळे त्या रात्री ती अडचणही नव्हती. मध्यरात्रीच्या दोन-तीन तास आधीपासून नंतरपर्यंतचा काळ चांगला. वर्षाचा विचार केला तर मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास चुंबकीय वादळे अधिक होतात. तुमचे कोणी नातलग त्या बाजूला असतील, तर त्यांना हे जरूर कळवा.

या सगळ्यात मुंबईचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अभिमान वाटावा असा आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलशास्त्रज्ञ सौर डागांचे चित्र काढीत असताना डागांजवळ अचानक लखलखीत प्रकाश चमकला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर ज्ञात इतिहासातले बहुधा सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आदळले. लोटाचा सरासरी वेग किती झाला, ते वरच्या पद्धतीने काढून पाहा. क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारेत आपोआप वाहणाऱ्या प्रवाहावरच एकमेकांशी बोलणे चालू ठेवले!

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती, म्हणून आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकाचे वाचन घेणारी माणसे कामावर होती. नेहमी तासाला एक वाचन घेण्याची पद्धत असे आणि गडबड दिसली की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी. त्यांनी डोळ्यांनी वाचून लिहून ठेवलेल्या आकड्यांप्रमाणे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. म्हणजे एकूण क्षेत्राच्या सुमारे चार टक्के. १० मे २०२४ च्या वादळाचे जगभरच्या केंद्रांवरून काढलेले मोजमाप सुमारे ४०० नॅनोटेस्ला भरते. ही तुलना अगदी समान पायावरची नाही, तरी अंदाज येतो. १८५९ च्या त्या वादळाची इतकी संपूर्ण नोंद विषुववृत्ताच्या जवळच्या भागातून दुसरीकडून मिळत नाही, म्हणून आजही जगातले शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या वह्यांकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने वाचने बिघडू नयेत म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली, ती तिथे आजही चालू आहे. नानाभाई मूस हे तिचे तेव्हाचे संचालक होते.

तसे वादळ आज आले तर? तारयंत्रे गेली, पण विजेचे जाळे आले. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात बंद पाडली आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. मे २०२४ मध्ये अमेरिकेतील मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीच्या वेळी उपग्रहांच्या मदतीने चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. भाचा आकाशाकडे पाहत होता तेव्हा त्याच्याच राज्यातले शेतकरी आभाळाला बोल लावीत असतील.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री ध्रुवीय प्रकाश खुद्द मुंबईतून दिसल्याची बातमी त्या वेळी वृत्तपत्रात आली होती. त्याच रात्री एडन आणि खार्टूम येथूनही तो दिसल्याच्या नोंदी आहेत. मुंबईचे चुंबकीय अक्षांश ११ धरा, प्रकाशाची उंची प्रथम १०० आणि मग ४०० किलोमीटर घ्या, आणि तो प्रकाश निदान किती चुंबकीय अक्षांशांपर्यंत खाली आला असला पाहिजे ते दोन्ही वेळा काढा. मग सांगा, मुंबईकरांना त्या रात्री कोणता रंग दिसला असेल?